कुणी न्हाई आलं

ढोल जवळ आला तशी बया रस्त्याच्या कडेला सरकली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि आता जे व्हायचं ते होऊ दे म्हणून तिनं डोळे मिटले. मिरजेची पेठ होती. तंबोऱ्याचे मोठाले भोपळे दुकानापुढं उन्हात मांडून ठेवले होते, आणि तिच्या काखेत दवाखान्याच्या धुण्यासाठी घेतलेल्या साबणाची पिशवी होती. मायाक्काची यात्रा करून परतणारे धनगर होते ते, भंडाऱ्यानं माखलेले. स्टेशनाकडं जाता जाता एकानं गळ्यातला ढोल असा घुमवला की दुकानाच्या फळ्या थरारल्या. "मायाक्काच्या नावानं चांगभलं!" एवढी आरोळी एके काळी बयाला पुरायची. टाचेपासून काहीतरी वर चढायचं, गुडघ्यांचं पाणी व्हायचं, मान सैल पडायची आणि मग ती राहायचीच नाही; तिच्या जागी दुसरंच कुणी बोलायचं. आज ती वाट पाहत उभी राहिली. ढोल समोरून गेला, कोपऱ्यावर वळला, लहान होत होत बोळात विरला. तिनं डोळे उघडले. भोपळे होते तिथंच होते. मनगटावर एक माशी बसली होती, ती तिनं उडवली नव्हती. देवी आली नाही याचं तिला काही वाटलं नाही. ती आता येणार नाही असं तिला मिशनच्या पाळकांनी सांगितलंच होतं, आणि त्याबद्दल उपकार मान असंही. पण आपण वाट पाहिली, आणि जिथं वाट पाहिली तिथं कुणीच नव्हतं, हे तिला पिशवी या काखेतून त्या काखेत घेताना एकदम कळलं. एक बिऱ्हाड उठून गेलं होतं आणि दुसरं आलंच नव्हतं. मध्ये नुसत्या भिंती.

बया जत बाजूच्या माळावरची, धनगराची सून. लग्न होऊन वस्तीवर आली त्याच वर्षी बिरोबाच्या देवळापुढं तिच्या अंगात मायाक्का आली आणि ती वस्तीचं झाड झाली. देवी ज्याच्या अंगात येते त्याला तिकडं झाडच म्हणतात. पाऊस कधी, कळप कुठल्या अंगाला न्यायचा, कुणाची सोयरीक जमेल, सगळी भाकणूक तिच्या तोंडून व्हायची. सासू साळूबाई एरवी भाकरी जाड झाली म्हणून तिला टाकून बोलायची, तीच त्या वेळी तिच्या पायांवर कपाळ टेकायची. काय बोललो ते बयाला नंतर आठवत नसे. घसा दुखायचा, जिभेवर हळदीची कडसर चव असायची आणि अंगभर एक ऊब, बाळंतिणीला शेकल्यावर येते तशी. त्या उबेच्या आशेवर ती आठवडाभर मेंढरांमागं चालायची. मग तिचा नवरा धुळा पोटात गोळा उठून अंथरुणाला खिळला. ढोल वाजवले, भंडारा उधळला, आणि बयाच्या तोंडून मायाक्का बोलली, ह्यो उठंल, पुनवेच्या आत मेंढरांमागं जाईल. देवीचा शब्द मिळाल्यावर दवाखान्याचं नाव कोण काढणार? पुनव आली तेव्हा धुळा काळानिळा पडला होता. बैलगाडी, मग ढालगावहून छोट्या रुळांवरची आगगाडी, मग मिरजेचा मिशनचा दवाखाना. डॉक्टर म्हणाले, थोडा आधी आणला असता तर. त्या 'तर'पाशी बया थांबली ती थांबलीच. वस्तीवर कुणी तिला बोल लावला नाही. मायाक्का आईच्या मनात होतं, नेला, असंच सगळे म्हणाले. पण तिला एवढं कळत होतं की तो शब्द या जिभेवरून गेला होता. देवी खोटं बोलली का? का देवी नव्हतीच, आणि नवरा जगावा म्हणून आपणच बोललो? दोन्हींतलं काहीही खरं धरलं तरी पायाखाली जमीन उरत नव्हती. ती रडली नाही. तापानं तिथंच पडली, आणि उठली तेव्हा दीर बिराप्पा कळपाकडं परत गेला होता. तिची लहानगी पोरगी राही आजीजवळ वस्तीवरच होती. बरं वाटलं की जाऊ, म्हणता म्हणता बयाला दवाखान्यात पट्ट्या धुवायचं काम लागलं. रक्तापुवाच्या पट्ट्या हौदात भिजवायच्या, उकळायच्या, तारेवर वाळत घालायच्या. उकळत्या पाण्याला हात लागला तरी तिला ते जरा वेळानं समजायचं.

मनुबाई तिला तिथंच भेटली. मनुबाई म्हणजे मिशनची बायबलबाई, पांढऱ्या लुगड्यातली, वॉर्डावॉर्डात खाटांशी बसून गोष्टी वाचून दाखवणारी. बया पट्ट्या गोळा करत ऐकायची, म्हणजे कानांवर पडायचं तेवढं पडू द्यायची. एकदा मनुबाई लाजराची गोष्ट वाचत होती. भाऊ आजारी आहे, लवकर ये, असा बहिणींनी येशूला निरोप धाडला, आणि तो आला नाही; मुद्दाम उशिरा आला, तोवर भाऊ मेला. बहीण म्हणाली, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. बयाच्या हातातली टोपली तिथंच थांबली. "मग त्यो काय म्हणाला?" तिनं विचारलं. मनुबाई म्हणाली, "येशू रडला." पुढं मेलेला उठला वगैरे बयानं ऐकलं नाही. उशिरा आलेला देव आणि त्याचं रडणं, एवढंच तिनं टोपलीतून घरी नेलं. तिच्या देवीनं शब्द दिला होता आणि कुणी रडलं नव्हतं, ती स्वतःसुद्धा. मग वर्षभर ती मनुबाईपाशी अक्षरं गिरवायला बसली, आणि ईस्टरच्या रविवारी लोंढे पाळकांनी तिला बाप्तिस्मा दिला. तिच्याबरोबर बाप्तिस्मा घेणारा गवंडी हमसून हमसून रडला, त्याची बायको थरथरत होती. बयाला पाणी कानामागून मानेवर ओघळलेलं कळलं. चोळी भिजली, आता ही वाळेपर्यंत बसायचं कुठं, हा विचार आला. बातमी माळावर पोचली आणि तिकडून निरोप आला, पोरगी आमची, तिला बाटवायची न्हाई, तू इकडं येऊ नगंस. ते ऐकूनही तिला काही झालं नाही. रात्री मात्र दाताखाली पदर धरलेला सकाळी ओला निघायचा.

पेठेतून परतल्यावर ती साबण ठेवून तशीच पाळकांच्या घराकडं गेली. लोंढे पाळक अंगणात सायकल उलटी करून साखळी बसवत होते. उंच, किडकिडीत माणूस, बाह्या वर केलेल्या, हात तेलानं काळे. "पाळकसाहेब, एक इचारू का?"

"विचारा की, बयाबाई."

"आज पेठंत ढोल वाजला. मायाक्का आली न्हाई."

"देवाची स्तुती असो."

"पर येशू बी आला न्हाई."

पाळकांचे हात साखळीवर थांबले. "तो असा येत नाही. अंगात येत नाही तो."

"मग कसा येतो? मनुबाई म्हंती काळजात जाळ झाला. गवंडी म्हणतो डोक्यावरचं वझं उतरलं. मला काय बी न्हाई. म्या खोटी खिस्ती हाय का?"

याचं उत्तर पाळकांना पाठ असायला हवं होतं. त्यांनी साखळी दात्यांवर चढवली, ती पुन्हा निसटली. "माझा आजा ख्रिस्ती झाला," ते म्हणाले. "घरातून हाकलला, विहिरीवर पाणी भरू देईनात. मला काहीच सोडावं लागलं नाही. तुम्ही विचारता ते मला माझ्या अनुभवातून सांगता यायचं नाही. मन फिरणं म्हणजे वाट बदलणं, एवढं मी शिकलोय. वाट बदलली म्हणून लगेच गाव लागत नाही."

"आन् मधी काय करायचं?"

"चालायचं."

बया बरं म्हणाली आणि निघाली. माळावर ती जन्मभर चाललेली होती. चालण्याचं तिला अप्रूप नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात बिराप्पा आला. पट्ट्या वाळत घातलेल्या तारांच्या पलीकडं तो घोंगडं खांद्यावर टाकून उभा होता आणि पांढऱ्या पट्ट्या वाऱ्यानं हलतील तसा मध्येच दिसत होता, मध्येच नाही. तिला पहिल्यांदा धुळाच वाटला. छातीत काही हललं नाही, फक्त हातातल्या पिळ्यातून पाणी गळायचं थांबलं. "वैनी," तो म्हणाला, "कळप बसला. खुरकत आलीया. रोज मेंढरं पडत्यात. पंच म्हणत्यात, झाड उठून गेलं म्हणून आई कोपली. तू चल. ऐतवारी देवळापुढं ढोल लावू. आई काय म्हणती ते ऐकू."

"भावजी, म्या खिस्ती झालीया."

"ठावं हाय की. घरात घ्या म्हणत न्हाई. आईला येऊंदे, बोलूंदे, मग तू तुजी मोकळी." त्यानं घोंगडं सारखं केलं. इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "राही लय झुरती तुज्याविना. म्हातारी थकली. माज्या मनात पोरगी तुला द्यावी आसंच हाय, पर पंचांपुढं म्या कोणच्या तोंडानं म्हणू? आई म्हणाली तर कोण आडवंल?"

बयानं त्याच्याकडं पाहिलं. तो खाली पाहत होता. बिराप्पा वाईट माणूस नव्हता, कधीच नव्हता. तो मिरजेपर्यंत मेंढरांसाठी आला होता, आणि तिला तिची पोरगी द्यायला आला होता, आणि त्या दोन्हींची मोट त्यानं त्याच्या परीनं बांधली होती. तिनं मनुबाईला विचारलं नाही, पाळकांना विचारलं नाही. पट्ट्या घडी करून कपाटात लावल्या आणि शनिवारी सकाळी त्याच्यामागून छोट्या गाडीत जाऊन बसली. डब्यात रजेवर आलेले शिपाई होते. त्यांतला एक कुठल्याशा परमुलखातल्या बर्फाची हकिकत सांगत होता, की बोटं गोठतात तेव्हा दुखत नाहीत, पुन्हा ऊन लागतं तेव्हा दुखतात. बया खिडकीबाहेर पाहत होती. कवठ्यानंतर हिरवं संपलं, बाभळी आल्या, खडकाची पाठ उघडी पडली. आपण घरी चाललो आहोत असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. नुसते शब्द होते.

वस्तीवर राहीनं तिला ओळखलं, पण लगेच जवळ आली नाही. मांडीएवढी होती ती कमरेएवढी झाली होती. केसांत तेल नव्हतं, पुढचे दात पडले होते. आजीच्या पाठीमागून एकटक बघत राहिली. मग हळूच येऊन बयाच्या पदराचा वास घेतला आणि मागं सरली. "तुजा वास येतोय." फिनेलचा वास, बयाला तो आता कळतही नव्हता. साळूबाईनं तिला अंगणातच बसवलं, भाकरी वरून हातावर टाकली. थोड्या वेळानं पोरगी आपली भाकरी घेऊन आली, शेजारी बसली आणि आईच्या चटणीत बोट बुडवून चाटायला लागली. दिवस मावळेपर्यंत ती सांगत होती: पिवळ्या कानाची मेंढी मेली, बिराप्पा आबानं नवं घोंगडं घेतलं, उंबराखाली साप निघाला. बोलता बोलता तिनं आपला पाय सहज आईच्या मांडीवर टाकला. बयानं त्या पायाकडं पाहिलं. टाचेत बाभळीचा काटा मोडून राहिला होता, जुना, कातडीनं झाकलेला. तिनं वाकून दातांनी तो काढला. पोरगी ओरडली नाही. काटा हातात घेऊन बया बसून राहिली आणि तिला वाटलं की हे एवढं मिळणार असेल तर ती काय वाटेल ते करील. हे तिला वाटलं, म्हणजे छातीत वाटलं, असं बऱ्याच काळात झालं नव्हतं.

रविवारी सकाळी देवळापुढं सगळी वस्ती जमली. मिरजेत आता घंटा झाली असेल, मनुबाई आपल्या शेजारची जागा राखून बसली असेल, असं बयाच्या मनात येऊन गेलं. तिचा बुचडा सोडला गेला, कपाळाला भंडारा लागला. ढोल सुरू झाले, त्यांच्यावर झांजा. आणि तिचं अंग हललं. मेलेल्या कोंबडीचे पाय ओढावेत तसे तिचे गुडघे आपोआप लवले, मान फिरली, केस तोंडावर आले. देहाला सगळं ठाऊक होतं. तेवढंच होतं. ऊब नव्हती. ती केसांच्या आडून सगळं स्वच्छ पाहत होती: बिराप्पाच्या पागोट्याचा सुटलेला पदर, पंचांची टेकलेली कपाळं, मागं काटेरी कुंपणात खुरं वर करून पडलेली दोन मेंढरं. बिराप्पानं हात वर केला. ढोल थांबले. मेंढरांचं विचारायचं सोडून तो पहिल्यांदा म्हणाला, "आई, बोल. ही धुळाची पोरगी कुणी सांभाळायची?"

वाक्य तयार होतं. तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं, आईला द्या. एवढंच. सगळे ऐकणार होते. बिराप्पाला ऐकायचं होतं, पंचांना अडवता आलं नसतं, साळूबाईनंही कपाळ टेकलं असतं. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. त्यात खोटं तरी काय होतं? पोरगी आईलाच द्यायला हवी होती. बयानं तोंड उघडलं. केसांच्या फटीतून तिला समोर राही दिसली. पोरीनं दोन्ही हात जोडले होते, घट्ट, नखं पांढरी होईपर्यंत, आणि आईकडं दगडाकडं बघावं तसं बघत होती. कालचा चटणीचा लाल डाग अजून तिच्या हनुवटीवर होता. ती भ्याली होती.

"न्हाई," बया म्हणाली. स्वतःच्याच आवाजात म्हणाली. तो आवाज त्या जागी इतका बारीक वाटला की मागच्यांना ऐकूच गेला नाही. तिनं केस मागं सारले. "कुणी न्हाई आलं. म्या बया हाय."

मग पंचांतला एक थुंकला. कुणी म्हणालं, पाव खाल्ला, पाणी घेतलं, आता कशाची येती आई. ढोलवाल्यानं ढोल खांद्यावरून उतरवला. साळूबाई उठली, पोरीचा हात धरला आणि एकदाही मागं न बघता झोपडीकडं चालू लागली. राही मात्र मान वळवून वळवून बघत होती, हात अजून अर्धवट जोडलेले. बिराप्पा ढालगावच्या वाटेवर निम्म्यापर्यंत तिच्याबरोबर आला. ओढ्यापाशी थांबला. "एवढं बी जमलं न्हाई तुला, वैनी?" तो म्हणाला. रागावून नाही, दमलेल्या माणसासारखा. तिला सांगावंसं वाटलं, पण काय? येशूनं अडवलं म्हणावं तर कुणी अडवलं नव्हतं. कानांत कुणी बोललं नाही, हात कुणी धरला नाही. त्या तोंडातून एकदा एक शब्द गेला होता आणि एक माणूस मेला होता, एवढं होतं. की तेही नव्हतं. "न्हाई जमलं," ती म्हणाली, आणि ओढा ओलांडून एकटी चालू लागली.

मिरजेत ती पोचायच्या आधी बातमी पोचली होती, अर्धीच. बया देवीच्या ढोलापुढं केस सोडून घुमली, एवढीच. मनुबाईनं तोंड फिरवलं. मंडळीचे वडील, म्हणजे तिथले पंचच, बसले आणि ठरलं, की बयाबाईनं प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर राहावं आणि सगळ्यांसमोर क्षमा मागावी. लोंढे पाळक हौदापाशी सांगायला आले, तेव्हा ती पट्ट्या उकळत होती. त्यांनी वाफेतूनच विचारलं, "तुम्ही गेला होता हे खरं?"

"खरं."

"बसला होता?"

"व्हय. घुमले बी."

पाळकांनी हातानं वाफ बाजूला सारली. "मग रविवारी उभं राहून तेवढं सांगा. म्हणजे मिटेल." तिनं मान हलवली. काठीनं पट्ट्या खाली दाबल्या. त्या पुन्हा वर आल्या. मिटवायचं असं तिच्यापाशी काही होतं का, ते तिला समजत नव्हतं. लोक ढोलाची क्षमा मागायला सांगत होते, आणि तिच्या डोळ्यांपुढं रोज, पाणी भरताना, पट्ट्या पिळताना, दोन जोडलेले हात येत होते. ते दुखतं आहे की नाही हे पाहण्यासाठी ती कधी कधी थांबायची. दुखत होतं. पण लांब कुठंतरी, दुसऱ्या कुणाचं दुखावं तसं.

रविवारी मिशनचं देऊळ भरलेलं होतं. बायका चटयांवर एका अंगाला, पुरुष बाकांवर दुसऱ्या. मेजावर पांढऱ्या कापडाखाली भाकर आणि प्याला झाकून ठेवलेला. पाळकांनी नाव घेतलं तशी बया उठली, पुढं गेली आणि लोकांकडं तोंड करून उभी राहिली. मनुबाईनं तिला कधीची शिकवून ठेवलेली साक्ष होती, मी अंधारात होते आणि प्रभूनं मला उजेडात आणलं. ती तिला शब्द न् शब्द पाठ होती.

"म्या ढोलापुढं बसले," बया म्हणाली. "माजी पोरगी मला मिळंल म्हणून बसले. आई अंगात आल्याचं सोंग केलं आसतं तर मिळाली आसती. एक शब्द बोलायचा हुता. तोंड उगडलं, पर बोलले न्हाई. का न्हाई बोलले ते मला ठावं न्हाई. तुमी म्हणाल येशूनं ताकत दिली. दिली आसंल. मला कळलं न्हाई. मायाक्का आली न्हाई. येशू बी आल्याला मला दिसला न्हाई. पोरगी बी आली न्हाई. तितं मी येकलीच हुते." ती थांबली. आणखी काही सांगायचं राहिलं का ते तिनं आठवून पाहिलं. "क्षमा मागा म्हणाला, तर मागते. पर तितं दुसरं कुणी आसतं तर लय बरं झालं आसतं."

एवढं बोलून ती आपल्या जागी, शेवटच्या चटईवर जाऊन बसली. पेटीवर बसलेल्या मास्तरांचा हात भात्यावर तसाच राहिला होता. पाळकांनी पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग ते पायरीवरून खाली उतरले, मधल्या वाटेनं सगळ्यांच्या नजरांतून चालत बायकांच्या अंगाला आले आणि शेवटच्या चटईवर, तिच्यापासून हातभर अंतरावर, झग्याचा घोळ गोळा करून खाली बसले. त्यांनी तिला आशीर्वाद दिला नाही की वचन सांगितलं नाही. नुसते बसले. त्यांच्या नखांत तेल होतं. त्यांचा श्वास जोरात चालला होता आणि डोळे मेजावरच्या पांढऱ्या कापडाला लागले होते, हरवलेल्या माणसासारखे. पुढच्या बाया वळून वळून बघायला लागल्या. एक तान्हं रडायला लागलं, त्याला कुणी बाहेर नेईना.

बयानं थोडा वेळ वाट पाहिली. मग पाळकांकडं वाकून, त्यांच्यापुरतंच ऐकू जाईल असं, म्हणाली, "उठा, पाळकसाहेब. गाणं सांगा आता. लोकं खोळंबल्यात."